मेडिकलपुरती गोळी

माझं आजारपण एका नॉर्मल रिपोर्टापासून सुरू झालं. बाकीच्यांचं वाईट रिपोर्टापासून होतं, माझं उलटं. 'रक्तदाब समाधानकारक, वाहन चालवण्यास योग्य' असं त्यावर लिहिलं होतं, खाली सही आणि शिक्का. असे तीन वर्षांचे तीन रिपोर्ट माझ्याकडे आहेत आणि तिन्ही खोटे आहेत. डॉक्टरांनी खोटं लिहिलं नाही, मशीनही बिघडलेलं नव्हतं. खोटा मी होतो.

मी अंधेरीच्या एका ऑफिसची स्टाफ बस चालवायचो. 'चालवायचो' हा शब्द लिहिताना अजून पेन थांबतं. सकाळी बोरिवलीहून माणसं उचलायची, संध्याकाळी परत सोडायची. घर दिंडोशीच्या वसाहतीत, तिसऱ्या माळ्यावर, लिफ्ट नाही. घरात बायको सुनंदा आणि कॉलेजात जाणारी तन्वी. धाकटा भाऊ विनायक, आमचा विनू, दोन इमारती सोडून राहतो. तोही ड्रायव्हर, त्याच कंत्राटदाराकडे. त्याला स्टिअरिंग धरायला मी शिकवलं, नोकरीला मीच लावलं. आणखी एक गोष्ट मीच शिकवली. ती सांगायची म्हणून हे सगळं लिहितोय.

आठ दिवस

आमचं दरवर्षी मेडिकल व्हायचं. बीपी जास्त निघाला की तो ताब्यात येईपर्यंत ड्रायव्हरला गाडीवरून उतरवायचे आणि यार्डात गाड्या धुवायला लावायचे. पगार अर्धा. त्यामुळे मेडिकलचा महिना आला की सगळ्यांचे चेहरे उतरायचे. एकदा कागदावर बीपी लागला की माणूस संपला, असं आम्ही समजायचो.

मग मी शहाणपण केलं. औषधाच्या दुकानातल्या मशीनवर माझा वरचा आकडा एकशे ऐंशीच्या पुढे गेला होता. एका जुन्या ड्रायव्हरला बीपीची गोळी चालू होती. त्याच्याकडून एक पट्टी घेतली. मेडिकलच्या आधी आठ दिवस रोज एक गोळी, आठ दिवस खारा बांगडा, पापड, लोणचं बंद, आदल्या दिवशी रजा टाकून झोप. मशीनवर आकडा असा आला की डॉक्टर म्हणाले, 'वा, तब्येत छान राखलीय.' मी बाहेर येऊन पहिलं काम काय केलं असेल, तर वडापाव खाल्ला. उरलेल्या गोळ्या दुसऱ्या ड्रायव्हरला दिल्या.

पुढच्या वर्षी चहाच्या टपरीवर माझा क्लासच भरला. 'तावडे, काय घेतोस तू? आम्हालाही सांग ना यार!' मी सांगितलं. विनूलाही सांगितलं, तेव्हा त्याची चाळिशीसुद्धा आली नव्हती. आपण भावाचं भलं करतोय असंच मला वाटत होतं.

रक्ताच्या रिपोर्टात कोलेस्टेरॉलच्या आकड्यापुढे दरवेळी एक चांदणी छापलेली असायची. सुनंदाने एकदा विचारलं, 'अहो, ही चांदणी कसली?' मी म्हणालो, 'स्टार ड्रायव्हर आहे मी.' ती हसली. मेडिकलवाल्यांनीही त्या चांदणीबद्दल कधी विचारलं नाही, मग मी तरी कशाला विचारतोय? सकाळी उठलं की मान मागून जड व्हायची, ती हायवेच्या ट्रॅफिकच्या खात्यावर टाकायची. माझे वडील बावन्नाव्या वर्षी झोपेतच गेले. गावी सगळे म्हणाले होते, काय सुखाचं मरण आलं. ते मरण कशाने आलं, हे आमच्या घरात कोणी विचारलंच नाही.

बटण

त्या सोमवारी पहाटे शर्टाची बटणं लागेनात. डाव्या हाताची बोटं माझी नव्हतीच जणू. सुनंदाने बटणं लावून दिली आणि म्हणाली, 'हातावर झोपला असाल.' मलाही तेच ऐकायचं होतं. मी निघालो. बत्तीस माणसं गाडीत घेऊन मी हायवेला लागलो. हे आठवलं की आजही मला घाम फुटतो.

जोगेश्वरीच्या सिग्नलला गाडी थांबली, एवढं नशीब. हिरवा दिवा लागला, गिअर टाकायला डावा हात उचलायला गेलो, तो मांडीवर तसाच पडून राहिला. मी त्याच्याकडे बघत बसलो. मागून हॉर्न. पहिल्या सीटवर नेहमी एक सावंत मॅडम बसायच्या. त्या वाकून म्हणाल्या, 'काका, गाडी काढा ना, काय झालं?' मी 'काही नाही' म्हणालो. माझ्या तोंडून जे निघालं ते शब्द नव्हतेच. त्या किंचाळल्या, 'अहो, यांचं तोंड बघा! वाकडं झालंय!' आणि त्यांनीच हात घालून चावी फिरवली. ती बाई नसती तर मी दुसऱ्या हाताने गाडी रेटली असती, याची मला खात्री आहे. इतका मी हट्टी होतो.

जवळच्या एका लहान नर्सिंग होममध्ये नेलं. तिथे स्कॅनची सोय नव्हती. त्यांनी सलाईन लावलं, फोनाफोनी केली, त्यात वेळ गेला. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचलो तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी सुनंदाला पहिला प्रश्न विचारला, 'हे सुरू कधी झालं?' सुनंदा म्हणाली, 'पहाटे बटण लागत नव्हतं.' डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. गुठळी विरघळवायचं एक इंजेक्शन असतं, ते ठरावीक वेळेतच देता येतं आणि माझी वेळ टळून गेली होती. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. सुनंदाला तेव्हाच कळलं होतं. ते बटण आपण लावून दिलं, हे तिच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

वॉर्ड

वॉर्डात सकाळ सहाला होते. सिस्टर येते, दंडाला पट्टा बांधते, आकडा लिहिते आणि पुढच्या खाटेवर जाते. मला गिळता येत नव्हतं, म्हणून नाकातून नळी. आयुष्यभर ज्याने चारचौघांत पोटभर जेवण्याचा अभिमान मिरवला, त्याला सिरिंजने पेज ढकलत होते. लघवीला पॉट. आयाबाई पांघरूण बाजूला करायची तेव्हा मी डोळे मिटून घ्यायचो. सगळ्यांत मोठी भीती मरणाची नव्हती. असाच जगलो तर काय, याची होती. मी मनातल्या मनात देवाला सांगितलं की अर्धा नेलास तर उरलेलाही ने.

त्याच आयाबाईने चौथ्या दिवशी, न सांगता, माझी दाढी करून दिली. वाकड्या बाजूचा गाल तिने बोटाने ताणून धरला आणि म्हणाली, 'बायको भेटायला येणार ना, मग असं भुतासारखं बसायचं काय?' मला रडू फुटलं. तिने तेही रुमालाने पुसलं.

तिसऱ्या खाटेवर एक रिक्षावाला होता, त्याच्याही डाव्या अंगाला झालं होतं. आम्ही दोघे एकमेकांकडे बघायचो, बोलता दोघांनाही येत नव्हतं. गावाहून मावशीचा फोन आला, 'कबुतराचा रगत चोळा, हात उठतलो.' सुनंदाने फोन ठेवला आणि एक क्षण माझ्याकडे अशी पाहत राहिली की, डॉक्टरांनी हात टेकले असते तर तिने कबूतरही शोधलं असतं.

तीन रिपोर्ट

डॉक्टर बाईंनी विचारलं, 'बीपीच्या गोळ्या चालू होत्या का यांच्या?'

'नाही हो. यांना बीपी नाहीच. कंपनीत दरवर्षी मेडिकल होतं ना.' सुनंदाने मोबाईलमधून तिन्ही रिपोर्टांचे फोटो काढून दाखवले. तिने ते जपून ठेवले होते.

डॉक्टर एकदा फोटोंकडे बघत, एकदा माझ्या हृदयाच्या सोनोग्राफीच्या कागदाकडे. मग म्हणाल्या, 'ताई, यांच्या हृदयाची भिंत जाड झालीय. बरीच वर्षं बीपी वाढलेला असल्याशिवाय असं होत नाही. हे रिपोर्ट यांचेच आहेत ना?'

सुनंदा भडकली. 'म्हणजे काय, मी दुसऱ्या कोणाचे आणीन? माझा नवरा दारू पीत नाही, तंबाखू खात नाही. तुमच्याच मशीनमध्ये काहीतरी असेल!' ती माझ्यासाठी भांडत होती आणि मी नाकात नळी घालून ते ऐकत होतो. इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती.

उजवा हात चालत होता. मी खुणेने पेन मागितलं आणि लिहिलं, 'मेडिकलच्या आधी गोळी खायचो. फक्त आठ दिवस.'

सुनंदाने ते वाचलं, कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी नळीतून पेज देताना म्हणाली, 'बत्तीस माणसं होती गाडीत. आणि घरात आम्ही दोघी.' एवढंच.

डॉक्टर बाईंनी मात्र शिव्या घातल्या नाहीत. त्या म्हणाल्या, 'तुमच्या वसाहतीतले पाण्याचे जुने पाईप बघितलेत ना? आतून थर धरतात. ते कोलेस्टेरॉल समजा. त्यातून वर्षानुवर्षं जोरात पाणी सोडलं, तो बीपी. थर कुठेतरी फुटतो, त्याचा तुकडा पुढे जाऊन अडकतो. हृदयात अडकला तर अटॅक, मेंदूत अडकला तर हे. यातलं काहीच दुखत नाही, म्हणून कोणी गोळी घेत नाही.' मग थोडं थांबून म्हणाल्या, 'गोळी मशीनला दाखवायची नसते हो, तावडे.'

तीन माळे

घरी आलो. सगळे म्हणाले, सुटलात. मी कुठला सुटतोय! फिजिओथेरपिस्ट टॉवेल पिळायला लावायचा, बोटं वळायची नाहीत. न्हाणीघरात पडलो. एकदा ताट भिरकावलं, ते तन्वीच्या पायाला लागलं, आणि तिने ते उचलून मुकाट्याने फरशी पुसली. त्या दिवशी तिने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शब्द डोक्यात सरळ असायचे आणि तोंडातून वाकडे निघायचे. लोक दोनदा 'काय?' म्हणाले की मी बोलणंच सोडून द्यायचो. खिडकीशी बसून मी गॅलरीच्या गजांकडे बघायचो आणि त्यांची उंची मोजायचो. हेही लिहितो, कारण माझ्यासारखा कोणी हे वाचत असेल तर त्याला कळू दे की असं वाटतं, आणि ते कोणाला तरी सांगावं लागतं. मी तन्वीला सांगितलं. ती त्या दिवसापासून खिडकीपाशी अभ्यासाला बसू लागली.

घर विनूने ओढलं. माझं आणि स्वतःचं, दोन्ही. जादा फेऱ्या मारायचा. तपासणीचा दिवस असला की मला पाठंगुळी घेऊन तीन माळे उतरवायचा आणि परत चढवायचा. एके दिवशी चढताना तो दुसऱ्या माळ्यावर थांबला, एका हाताने भिंत धरली आणि म्हणाला, 'वाईच थांब. मान जड झाली.'

घरात आता बीपीचं मशीन होतं. मी हट्टाने त्याला बसवलं. आकडा माझ्या जुन्या आकड्याच्याही वर. तो हसला, 'तीन माळे तुका घेवन चढलंय ना!' अर्ध्या तासाने परत बघितलं. तोच.

तेव्हा त्याने खरं काय ते सांगितलं. 'दादा, धा दिवसांनी मेडिकल आसा. तुझ्याकडे गोळ्यो भरपूर आसत. माका आठ दी.'

मी नाही म्हणालो. जेवढं तोंड चालत होतं तेवढं चालवलं. तो ऐकून घेत होता, मला थांबवत नव्हता. मग म्हणाला, 'मी गाडयेवरसून उतारलंय तर दोन घरा कोण चालवतलो? तू? मेडिकल झाल्यार रीतसर डॉक्टराकडे जातंय, शपथ. तुका जा झाला ता माका होवचा नाय.'

मेडिकल झाल्यावर रीतसर डॉक्टरकडे जाऊ, असं मीही तीन वर्षं म्हणत होतो. मी आजारी पडलो म्हणूनच त्याला गाडीवरून उतरणं परवडत नव्हतं. माझ्याच दुखण्याने मी त्याला त्याच खड्ड्याकडे ढकलत होतो.

आठ गोळ्या कमी

दोन दिवसांनी माझ्या गोळ्यांच्या डब्यात आठ गोळ्या कमी होत्या. मी सुनंदाकडे बघितलं.

'मीच दिल्या,' ती म्हणाली. तिची नजर खाली नव्हती. 'तो मागायला आला, मी दिल्या. त्याला उतरवलं तर तन्वीचं कॉलेज बंद. तुमची औषधं बंद. माझ्यासमोर दुसरा काही रस्ता असला तर सांगा ना.'

'मरेल तो,' मी म्हणालो. हे दोन शब्द नीट उमटले.

ती ओट्यापाशी गेली आणि नळ सोडून उभी राहिली. भांडं एकही घासत नव्हती. मी तिला दोष देत नाही. ज्या बाईने ते तीन रिपोर्ट जपून ठेवले होते, तिला मीच इथवर आणलं होतं.

विनूने फोन उचलणं बंद केलं. त्याच्या बायकोने सांगितलं, 'भावोजी, त्यांना सध्या टेन्शन देऊ नका, मेडिकल आहे.' दिवस सरत होते. मी रोज मनात मोजत होतो, आज त्याची तिसरी गोळी, आज चौथी. आकडा खाली येत असणार. आणि आकडा खाली आला की तो पुन्हा वर्षभर तसाच, मान जड घेऊन, माणसांनी भरलेली गाडी चालवणार. मला बोरिवली ते अंधेरी रस्त्यातला एकेक सिग्नल डोळ्यांसमोर दिसायचा.

मेडिकलच्या आदल्या सकाळी सुनंदा बाजारात गेली होती. मी पाटकर सुपरवायझरना फोन लावायचं ठरवलं. एकच वाक्य बोलायचं होतं. ते मी आरशासमोर तासभर घोकलं, 'विनायक तावडे बीपीची गोळी खाऊन मेडिकलला येणार आहे.' 'मेडिकल' या शब्दावर जीभ अडायची. शेवटी 'तपासणी' केलं, तर तेही अडलं.

'हॅलो,' मी म्हणालो. 'विनायक... गोळी...'

'कोण? जोरात बोल.'

'विनायक... गोळी खाऊन...'

'ए, सकाळी सकाळी टाकून बसलायस काय? ठेव फोन!'

त्यांनी ठेवला. मी पुन्हा लावला. पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा मी आधी माझं नाव सांगितलं, तावडे, मोठा, एकेक अक्षर ओढून. 'तावडे? अरे, तुझा आवाज...' आणि मग पाटकर एक शब्द न बोलता माझं वाक्य संपेपर्यंत थांबले. ते वाक्य संपायला किती वेळ लागला कोण जाणे. शेवटी मी हेही सांगितलं की ही युक्ती माझी, मीच सगळ्यांना शिकवली.

दार

विनूचं मेडिकल पुढे ढकललं आणि गोळीचा असर उतरल्यावर त्याच्या दंडाला दिवसभराचं बीपीचं मशीन बांधलं, रक्त तपासलं. बीपी आणि कोलेस्टेरॉल, दोन्ही आकडे वाईट. गाडीवरून उतरवलं, यार्डात टाकलं, पगार अर्धा. आणखी पाच ड्रायव्हरांची पुन्हा तपासणी लागली. टपरीवर माझं नाव कोणी घेत नाही म्हणे. सुनंदा पोळी-भाजी केंद्रात जाऊ लागली, तन्वी दोन शिकवण्या घेते. मी बरोबर केलं का, हे मला रोज विचारावं लागतं. उत्तर रोज वेगळं येतं.

महिन्याभराने विनू आला. यार्डातलेच ओले बूट घालून. आत आलाच नाही, उंबऱ्यावर उभा राहिला.

'माझ्या पोटार पाय दिलंस!' तो ओरडला. सगळ्या जिन्यात घुमलं. 'माझ्या पोरांच्या ताटातला काढून घेतलंस! मी तुका पाठीर घेवन तीन माळे चढवलंय आणि तू फोन लावलंस? दुश्मन परवडलो! गोळी घेतंय रोज, सकाळी उठान घेतंय, तुझ्या नावान शिव्या घालीत घेतंय! आजपासून तू माका मेलंस!'

सुनंदा तोंडावर पदर धरून रडत होती. शेजारची दारं उघडली. तन्वी दार लावायला धावली, मी तिला हाताने अडवलं. त्याला बोलू दे, म्हणालो. मी खुर्चीतून त्याच्या तोंडाकडे बघत होतो. दोन्ही गाल सारखे हलत होते. जीभ भराभर चालत होती. गावच्या ठेवणीतल्या शिव्या त्याने काढल्या, एकीला जोडून दुसरी, आणि एकही अक्षर अडखळलं नाही. शेवटच्या शिवीपर्यंत मी ऐकत बसलो.